सहा मिनिटांवरून दहा मिनिटांवर: एका हँडिकॅप शर्यतमालेचे परीक्षण

हौशी धावपटूंच्या एका स्थानिक मंडळाने हंगामभर घेतलेल्या हँडिकॅप शर्यतमालेचे हे परीक्षण आहे. शर्यत महिन्यातून एकदा, ५ किलोमीटरची, अडीच किलोमीटरच्या दोन फेऱ्यांची. हंगामात अशा आठ शर्यती. त्यांपैकी सात मी धावले. मी ही मालिका कोणत्या गरजेतून पाहिली हे आधीच सांगणे न्यायाचे होईल. टाचेवरच्या शिरेच्या, म्हणजे अकिलीस कंडरेच्या, दुखण्यामुळे आणि नंतर निव्वळ सवय मोडल्यामुळे माझे धावणे चार वर्षे सुटले होते, आणि गेलेला दमसास परत मिळवू पाहणारी सत्तेचाळीस वर्षांची बाई म्हणून मी तिथे नाव नोंदवले. पदकासाठी धावणाऱ्याला किंवा आयुष्यात पहिल्यांदाच बुटांच्या नाड्या आवळणाऱ्याला हीच मालिका वेगळी दिसेल.

साध्या शर्यतीत सगळे एकदम सुटतात आणि ज्याच्या त्याच्या वेगाप्रमाणे पांगत जातात. हँडिकॅप शर्यतीत माणसे पांगलेलीच सुटतात आणि शेवटाकडे गोळा होत जातात. प्रत्येकाला किती वेळ लागेल याचा अंदाज आधी बांधलेला असतो. सर्वांत सावकाश धावणारा सर्वांत आधी सुटतो आणि बाकीच्यांना अंदाजांतल्या फरकाइतके थांबवून ठेवले जाते. आमच्याकडे ज्या आजोबांना ३८ मिनिटे लागतील असे धरले होते ते शून्यावर सुटत, आणि या पहिल्या जागेला 'लिमिट' म्हणत. माझा अंदाज ३२ मिनिटांचा होता, म्हणून मी त्यांच्यामागून सहा मिनिटांनी सुटले. साडेसतरा मिनिटांत अंतर संपवणारा तरुण, ज्याला कसलीच सवलत नसल्यामुळे 'स्क्रॅच' म्हणतात, तो साडेवीस मिनिटे हातपाय झटकत उभा राहून सर्वांच्या शेवटी सुटे. सगळे अंदाज तंतोतंत खरे ठरले तर अडतिसाव्या मिनिटाला सगळे एकाच वेळी रेषेवर यावेत. तसे अर्थातच होत नाही, पण शेवटच्या दीड-दोन मिनिटांत वीसएक माणसे अशी काही चढाओढीने येतात की निकाल लिहिणाऱ्याची तारांबळ उडते.

जो रेषा आधी ओलांडेल तो जिंकला, इतका हा निकाल सरळ आहे. काही मंडळांत सगळ्यांना एकदम सोडतात आणि सवलतीची वजाबाकी मागाहून कागदावर करतात. घेणाऱ्यांना ती पद्धत सोयीची पडत असेल, पण धावणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यात जीव नाही. आपण कुणाला गाठले आणि कुणी आपल्याला गाठले हे डोळ्यांना दिसले पाहिजे. शिवाय या सवलतीत लिंबूटिंबूला खेळायला घेतल्याचा भाव नसतो. लिंबूटिंबू बाद होत नाही तसा जिंकतही नाही; इथे लिमिटवरचे आजोबा जिंकू शकतात, आणि त्या हंगामात एकदा जिंकलेही.

'हँडिकॅप' हा शब्द कसा आला हे कळल्यावर या प्रकाराची किल्ली सापडते असे मला वाटते. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. दोघांनी आपापली वस्तू पुढे करायची, तिसऱ्याने पंच होऊन कमी किमतीच्या वस्तूबरोबर वर किती रक्कम द्यावी हे ठरवायचे, आणि दोघांनी टोपीत हात घालून तो सौदा मान्य की अमान्य हे हाताच्या खुणेने सांगायचे. 'हँड इन कॅप' हे त्या खेळाचे नाव. पुढे हाच शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला आणि चांगल्या घोड्यावर जादा वजन लादून सामना बरोबरीचा करणाऱ्या पंचाला 'हँडिकॅपर' म्हणू लागले. म्हणजे या खेळात मुळापासून सगळी मदार तिसऱ्या माणसावर आहे. मालिका चांगली की वाईट हे रस्ता, घड्याळ, पदके यांच्यावरून ठरत नाही. अंदाज बांधणारा माणूस कसा आहे यावरून ठरते. आमची हँडिकॅपर एक निवृत्त बाई होती, आणि या परीक्षणातले बहुतेक गुण तिच्या खात्यावर जमा आहेत.

हा प्रकार केवळ हौशी मंडळांपुरता आहे असा काहींचा समज असतो, तो बरोबर नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातील स्टॉल या गावी १८७८पासून ईस्टरच्या सुमारास 'स्टॉल गिफ्ट' ही १२० मीटरची शर्यत गवतावर होते. तिथे सवलत मिनिटांत न देता मीटरांत देतात, म्हणजे कमी वेगवान धावपटू काही मीटर पुढे उभा राहतो. तिथे स्क्रॅचवरून जिंकणे इतके अवघड की मादागास्करच्या जाँ-लुई राव्हेलोमानान्त्सोआ याने १९७५मध्ये ते केले तेव्हा तसे करणारा तो पहिला ठरला. लांब पल्ल्यात कॅलिफोर्नियातली 'डिप्सी' ही डोंगरवाटेची, सुमारे १२ किलोमीटरची शर्यत १९०५पासूनची आहे. तिच्यात वय आणि लिंग पाहून मिनिटांची आघाडी मिळते. २०१०मध्ये ती आठ वर्षांच्या मुलीने जिंकली आणि २०१२मध्ये बहात्तर वर्षांच्या गृहस्थांनी. तरीही डिप्सीची पद्धत आणि आमची पद्धत यांत एक मोठा फरक आहे. तिथे तुमच्या वयाची सरासरी पाहतात. आमच्याकडे तुम्हाला पाहतात. चार वर्षे घरी बसलेल्या माणसाच्या दृष्टीने सगळे महत्त्व या फरकाला आहे.

नाव नोंदवताना अर्जात 'अपेक्षित वेळ' असा रकाना होता. माझी जुनी सर्वोत्तम वेळ २२ मिनिटे ४० सेकंद. खंड पडला आहे, वय वाढले आहे, असा सगळा विनय दाखवून मी २८ मिनिटे लिहिली आणि हा आकडा फारच सावध आहे असे मला मनापासून वाटले. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. त्यांनी जुन्या वेळेबद्दल एक शब्दही विचारला नाही. "न थांबता पाच किलोमीटर शेवटचे कधी धावलात?" हा पहिला प्रश्न, "गेल्या तीन आठवड्यांत किती वेळा धावलात?" हा दुसरा; आणि "धावताना सोबत कुणी असेल तर बोलता येते का?" हा तिसरा. माझी उत्तरे ऐकून त्या म्हणाल्या, "मी बत्तीस धरते." मला तो अपमान वाटला आणि आता सहज जिंकणार अशी खात्रीही झाली. या दोन्ही भावना एकाच वेळी मनात येऊ शकतात हे मला तेव्हा कळले.

पहिल्या शर्यतीत मी पहिला किलोमीटर ५ मिनिटे ३५ सेकंदांत गेले, म्हणजे मनातल्या अठ्ठावीसच्या हिशेबाने. दुसरा ६:२०, तिसरा ६:५०, चौथा ७:००. चौथ्या किलोमीटरच्या चढावर मी चक्क चालले, आणि माझ्यामागून सुटलेली माणसे दोघे-तिघे करून मला ओलांडत गेली. एकूण ३२ मिनिटे २५ सेकंद. चव्वेचाळीस जणांत एकतिसावी. बाईंनी फोनवर मला न पाहता बांधलेला अंदाज २५ सेकंदांनी चुकला होता. स्वतःला सत्तेचाळीस वर्षे ओळखणाऱ्या मी बांधलेला अंदाज साडेचार मिनिटांच्या जवळपास चुकला होता.

मी तरी एवढी कशी चुकले, हा प्रश्न सोडून देण्यासारखा नाही, कारण खंडानंतर परतणारा जवळजवळ प्रत्येक जण याच दिशेने चुकतो. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चांगला सराव असलेल्या खेळाडूंचा सराव ८४ दिवस बंद ठेवला होता. पहिल्या तीन आठवड्यांतच त्यांची कमाल प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घसरली आणि आठ आठवड्यांनंतर ती मूळच्या सुमारे १६ टक्के खाली येऊन स्थिरावली. ही तीन महिन्यांची कथा; माझी चार वर्षांची. शरीराचे हे हिशेब बदलतात, पण मनात मात्र जुनी चाल तशीच राहते. पाय सुटले की ते ओळखीच्या वेगाकडे धाव घेतात, आणि तो वेग आता आपला राहिलेला नाही हे तिसऱ्या किलोमीटरला धाप लागल्यावर कळते. सूत्रेही इथे फार कामाची नाहीत. पीटर रीगल यांचे प्रसिद्ध सूत्र एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढते. १० किलोमीटरला ६० मिनिटे लागत असतील तर ५ किलोमीटरला सुमारे २८ मिनिटे ४७ सेकंद लागतील असे ते सांगते. सूत्रात घालायला आजची वेळ हवी, आणि परतणाऱ्याकडे तीच नसते. त्याच्याकडे असतात कालचे आकडे. बाईंनी ते ऐकून घेण्याचेही टाळले, हे त्यांचे पहिले शहाणपण.

दुसरे शहाणपण नियमांत आहे. अपेक्षित वेळेपेक्षा लवकर आलात तर तुमची नवी अपेक्षित वेळ म्हणजे तुम्ही आज दिलेली वेळ. जेवढी सुधारणा केली तेवढी सगळी सवलत कापली जाते. उशिरा आलात तर, कितीही उशिरा आलात तरी, फक्त दहा सेकंदांची सवलत वाढते. हा नियम प्रथम वाचताना दुष्टपणाचा वाटतो. पण लबाडीला लगाम घालायचा तर तो असाच असावा लागतो. हँडिकॅपचा जुना रोग म्हणजे मुद्दाम सावकाश धावून सवलत साठवणे आणि हव्या त्या दिवशी ती उधळून जिंकणे. स्टॉल गिफ्टसारख्या बक्षिसाच्या शर्यतीत धावण्यात असा अचानक फरक दिसला तर पंच धावपटूची चौकशी करतात आणि दंडही ठोठावतात. आमच्याकडे तसे पंच नाहीत, पण एक महिना रेंगाळून दहाच सेकंद पदरात पडत असतील तर रेंगाळण्याचा उद्योग कोण करील? नवख्यांनी खोटी वेळ सांगू नये म्हणून त्यांना पहिल्या दोन शर्यतींत पदक मिळत नाही, एवढी आणखी एक पाचर मारून ठेवलेली आहे. तरीही एक गृहस्थ सहा महिने रमतगमत धावून सातव्या महिन्यात अडीच मिनिटांनी सुधारले आणि पहिले आले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा कमीच वाजवल्या.

माझे आकडे या नियमातून असे सरकत गेले. दुसऱ्या शर्यतीत ३१:२०, तिसऱ्यात ३०:०५ आणि तिसरा क्रमांक, चौथ्यात कडक ऊन आणि ३०:५०, पाचव्यात २९:१०. सहावी हुकली, तिचे कारण पुढे सांगते. सातव्यात २९:२५ आणि आठव्यात २७:५५. शेवटच्या शर्यतीचे किलोमीटर ५:४०, ५:४०, ५:३८, ५:३५ आणि ५:२२ असे पडले, आणि खरे सांगायचे तर मला ३२ मिनिटे २५ सेकंदांचे २७:५५ झाले यापेक्षा ५:३५ने सुरू होऊन ७:००वर कोसळणारी धाव ५:४०ने सुरू होऊन ५:२२वर संपू लागली याचे समाधान अधिक आहे. वेग शिकवणारे पुष्कळ असतात. स्वतःला आवरायला मला या मालिकेने शिकवले, आणि तेही उपदेश न करता, केवळ यादीत नावापुढे एक आकडा लिहून. आज तुला एवढा वेळ लागेल असे कुणीतरी विचारपूर्वक ठरवले आहे, हे मनात ठेवून सुटणारा माणूस पहिल्या किलोमीटरला उधळत नाही.

शर्यतीच्या आतला अनुभव साध्या शर्यतीहून इतका निराळा आहे की त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. मागच्या गटात धावणाऱ्याला साध्या शर्यतीत पहिल्या दोन मिनिटांनंतर शर्यत दिसतच नाही. वेगवान मंडळी वळणापलीकडे गेलेली असतात आणि आपण आपल्यासारख्याच चारसहा जणांच्या संगतीत उरलेला रस्ता तुडवत असतो. इथे सावकाश धावणारा शर्यतीच्या पुढच्या तोंडाला असतो. मोकळा रस्ता, पुढे लांबवर एक पांढरी टोपी, आणि मागे न दिसणारी पण निश्चित येणारी माणसे. लिमिटजवळून सुटलेले पहिल्या फेरीअखेर सुटण्याच्या जागेजवळून जातात तेव्हा अजून न सुटलेले वेगवान धावपटू टाळ्या वाजवतात, आणि आता हेच आपल्या मागे लागणार हे ठाऊक असल्यामुळे त्या टाळ्यांत थोडी धमकीही ऐकू येते. मग चौथ्या किलोमीटरच्या पुढे मागून पावले वाजू लागतात. स्क्रॅचवरचा तरुण ओलांडून जाताना त्याची धाप ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा उमगले की तोही आपल्याइतकाच घायकुतीला आलेला असतो, फक्त त्याची घायकूत वेगळ्या वेगाने धावते. इतर कोणत्याही शर्यतीत आमची गाठ पडली नसती.

जिंकण्याच्या मी सर्वांत जवळ आले ती पाचवी शर्यत. अपेक्षेपेक्षा ६५ सेकंद लवकर जात होते आणि शेवटच्या दोनशे मीटरला पुढे कुणी नव्हते. रेषा जवळ येत असताना सत्तरीचे एक गृहस्थ बाजूने निघून गेले. ते ७० सेकंदांनी सुधारले होते, असे निकालाच्या कागदावरून कळले. पाच सेकंदांनी हरल्याची हळहळ मी आठवडाभर बाळगली, आणि तिथेच या मालिकेतला धोका सुरू होतो.

बरी होत असलेली शिर आणि वाढत चाललेला दमसास हे एका चालीने चालत नाहीत. सराव पुन्हा सुरू केल्यावर रक्तातला द्रवभाग काही दिवसांतच वाढू लागतो, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते, आणि काही आठवड्यांत धाप कमी झाल्याचे जाणवते. कंडरा मात्र महिन्यांच्या हिशेबाने बळकट होते. मधल्या काळात छाती हो म्हणते आणि पाय नाही म्हणतात, आणि आपण छातीचे ऐकतो. महिन्यातून एकदा भरणारी, दर वेळी सुधारणेचे माप पदरात टाकणारी शर्यत ही अशा माणसाला दिलेली भलतीच गोड लालूच आहे. पाचव्या शर्यतीनंतर मी आठवड्याच्या तीन धावांपैकी दोन सावकाश ठेवायचा माझा नेम मोडला, तिन्ही धावा दामटल्या, आणि सतराव्या दिवशी पोटरी धरली. सहावी शर्यत मी रस्त्याकडेला छडीसारखी छत्री टेकवून पाहिली. दोष मालिकेचा नाही, माझा आहे. पण परतणाऱ्यांसाठी म्हणून ज्या मालिकेची शिफारस होते तिने सूचनापत्रात याविषयी चार ओळी लिहायला हव्यात. नोंदणीच्या वेळी दुखापतीचा रकाना भरून घेतात, पुढे तो कुणी वाचत असावे असे दिसत नाही.

आता तक्रारींकडे वळते. पहिली तक्रार हवामानाची. उन्हाच्या किंवा वाऱ्याच्या दिवशी सगळेच मंदावतात, म्हणून कुणावर अन्याय होत नाही असे आयोजक म्हणतात. हिशेब तसा नाही. समजा, सगळे सारखेच ४ टक्क्यांनी मंदावले. ३२ मिनिटांच्या धावपटूचे त्यात ७७ सेकंद जातात आणि साडेसतरा मिनिटांच्या धावपटूचे ४२. सवलत मिनिटांत ठरलेली असल्यामुळे मधले ३५ सेकंद सावकाश धावणाऱ्याच्या अंगावर पडतात, शिवाय उन्हात तो जास्त वेळ असतो तो वेगळाच. चौथ्या शर्यतीतल्या पहिल्या पाचांत चार जण शेवटच्या दहांत सुटलेले होते. दिवस पाहून सगळ्यांच्या सवलती एकाच प्रमाणात ताणणे हे त्रैराशिकाचे काम आहे, आणि ते सुटण्याच्या अर्धा तास आधी करता येईल. मी हे लेखी कळवले. उत्तर आले की यादी एकदा लागली की बदलत नाही.

दुसरी तक्रार त्या यादीचीच. ती आदल्या रात्री उशिरा येते. आपण कितव्या मिनिटाला सुटणार हे ठाऊक नसेल तर अंग गरम कधी करायचे हे ठरवता येत नाही. लिमिटवाल्यांना ते लवकर हवे आणि स्क्रॅचवाल्यांना वीस मिनिटांनी. सुटण्याच्या रांगेत उभे राहून गार पडलेली पोटरी घेऊन धावणे कुणालाच चांगले नाही. तिसरी तक्रार सातव्या शर्यतीतली: नावे पुकारणाऱ्याने दोन ओळींची गल्लत केली आणि मला तीस सेकंद उशिरा सोडले. माझी २९:२५ ही वेळ घड्याळावरून बरोबर नोंदली गेली, पण क्रमांक रेषेवर ठरतो, त्यामुळे गेलेल्या जागा गेल्याच. चूक कुणाचीही होते. ती मान्य करून निकालाखाली एक ओळ लिहिली असती तर पुरे होते.

चौथी तक्रार नियमाविषयी, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. सुधारणा पूर्ण धरायची आणि घसरण दहा सेकंदांनीच मोजायची हा नियम लबाडाला रोखतो तसाच आजारातून उठलेल्यालाही रोखतो. माझी एकच शर्यत हुकली म्हणून मी निभावले. हिवतापाने तीन महिने घरी असलेल्या एका तरुणीला तिची जुनीच वेळ लावून सोडले, ती सगळ्यांच्या शेवटी आली, आणि पुढच्या महिन्यात तिला दहा सेकंद मिळाले. ती परत आलेली नाही. लागोपाठ दोन शर्यती हुकल्या तर अंदाज नव्याने बांधावा, एवढी दुरुस्ती या नियमाला हवी. बाईंनी माझ्याशी फोनवर जी दहा मिनिटे घालवली तीच तिच्याशी घालवली असती तर प्रश्न मिटला असता; पण त्यांना तसे करायला नियमात जागा नाही, असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरून त्यांनाही ते पटत नसावे.

पर्याय काय आहेत, हेही परीक्षणात यायला हवे. दर आठवड्याची वेळ लावून घेतलेली ५ किलोमीटरची धाव हा पहिला पर्याय. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४च्या ऑक्टोबरमध्ये तेरा धावपटूंनिशी सुरू झालेल्या 'पार्करन'ने तो अनेक देशांत पोहोचवला. नियमितपणासाठी तो उत्तम आहे, कारण आठवड्याची लय महिन्याच्या लयीपेक्षा सवय लवकर लावते. तिथे वयोमानाची टक्केवारीही मिळते; त्या त्या वयाच्या आणि लिंगाच्या प्रमाणवेळेशी तुमची वेळ ताडून ती काढलेली असते. तिच्यामुळे सत्तरीच्या आणि तिशीच्या माणसांची तुलना होते, पण माझ्या जन्मवर्षापलीकडे तिला माझ्याविषयी काही ठाऊक नसते. मनगटी घड्याळे प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेचा जो आकडा दाखवतात तो वेग आणि नाडी यांवरून बांधलेला अंदाज असतो; त्यात चढ, ऊन, झोप यांची भेसळ होते आणि रोज पाहिला तर तो माणसाला रोज वेगळे काही सांगतो. मी तो दाखवणे बंद करून ठेवले आहे. प्रशिक्षक ठेवणे हा सर्वांत चांगला पर्याय असेल, पण प्रशिक्षकासमोर आपण चांगले दिसण्यासाठी धावतो. हँडिकॅपच्या रांगेत चांगले दिसण्याची सोयच नसते, कारण सगळ्यांच्या नावापुढचे आकडे सगळ्यांनी वाचलेले असतात.

शिफारस करायची तर ती अटी घालून करते. दुखापत पूर्ण बरी झालेली असेल, न थांबता अर्धा तास हळू धावता येत असेल आणि शर्यतींच्या मधल्या धावा हळूच ठेवण्याचा निग्रह असेल, तर अशा मालिकेत खुशाल नाव घालावे. नाव घालण्यापूर्वी मात्र अंदाज कोण बांधतो हे विचारावे. अर्जातला आकडा तसाच यादीत उतरवून घेतला जात असेल तर ती हँडिकॅप शर्यत नव्हे, स्वतःच्या गैरसमजुतीशी लावलेली पैज आहे, आणि ती पैज मी पहिल्याच महिन्यात साडेचार मिनिटांनी हरले असते. अंदाज सूत्राने निघत असेल तर परतणाऱ्यांसाठी त्यात काय तरतूद आहे ते विचारावे. आणि फोन करून तीन प्रश्न विचारणारे कुणी असेल तर जुनी सर्वोत्तम वेळ सांगण्याचा मोह आवरावा.

नव्या हंगामाची पहिली यादी काल रात्री, नेहमीप्रमाणे उशिरा, आली. माझ्या नावापुढे १०:०५ आहे. गेल्या वर्षी सहाव्या मिनिटाला माझ्याबरोबर सुटणाऱ्या दोघीजणी अजून तिथेच आहेत, म्हणजे मला त्या सव्वाचार किलोमीटरच्या आसपास दिसतील आणि मी त्यांना ऐकू येईन. सहाव्या मिनिटाच्या ओळीत त्यांच्या खाली एक नवे नाव आहे. त्या बाईंनी अर्जात किती मिनिटे लिहिली होती ते विचारायचे मी ठरवले आहे.